आरोग्यविज्ञानाची पदवी, शैक्षणिक कर्ज आणि पहिला पगार : सांगली-मिरज परिसरातील पालक व विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञान या शाखांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणाऱ्याने सांगली जिल्ह्यातील एका बँकेच्या कर्जविभागात नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत. त्यामुळे उत्तरांचा कल पदवीच्या प्रतिष्ठेपेक्षा हप्त्याकडे अधिक आहे, हे आधीच सांगितलेले बरे. उदाहरणांतील व्याजदर सगळीकडे 10 टक्के धरला आहे. आपल्या बँकेचा दर वेगळा असेल, तर आकडे बदलतील. पद्धत बदलणार नाही.

फी वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख. मग परतफेड सुरू होताना बँक आठ लाख दहा हजार कसे सांगते?

हा प्रश्न घेऊन येणारा पालक बहुधा रागावलेला असतो. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार सातबारा, मंजुरीपत्र आणि बँकेचे ताजे पत्र एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले होते. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर व्याजाची ओळ होती आणि तिच्या खाली त्यांचीच सही होती. चार वर्षांत ते पान कोणी उलटून पाहिले नव्हते.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, याला सवलतीचा काळ म्हणतात. हप्ता थांबतो, व्याज मात्र चालूच राहते. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर पाच वर्षे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर तीन आणि शेवटच्या रकमेवर दोन वर्षे व्याज चढते. सरळव्याजाने ही बेरीज 2 लाख 10 हजार होते आणि परतफेड सुरू होताना ती मुद्दलात मिळवली जाते. म्हणून चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एक ओबडधोबड हिशेब लक्षात ठेवावा : जेवढे उचलाल, त्याच्या 1.35 पट कर्ज पदवीनंतर समोर उभे राहील.

या 8 लाख 10 हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे 10,704 रुपये येतो. मुदत पंधरा वर्षांची केली तर तो 8,704 रुपयांवर उतरतो, पण एकूण भरणा सुमारे 2 लाख 82 हजारांनी वाढतो.

कर्ज किती झाले म्हणजे जास्त झाले?

एकूण कर्जाच्या आकड्याकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही. कर्जाचा महिन्याचा हप्ता आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्ष हातात पडणारा पगार हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. हप्ता या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात बसला पाहिजे, असे माझे मत आहे. नोकरी गावातच असेल आणि घरी राहून ये-जा होणार असेल, तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ताणता येईल.

हाच हिशेब उलट्या बाजूने मांडून पाहा. हातात 18,000 रुपये पडतात असे समजू. चौथा हिस्सा 4,500. दहा वर्षांच्या मुदतीत एवढ्या हप्त्याला सुमारे 3 लाख 40 हजारांचे कर्ज फिटते. त्याला 1.35 ने भागले की शिक्षणाच्या काळात उचलता येण्याजोगी रक्कम मिळते, ती सुमारे 2 लाख 52 हजार, म्हणजे वर्षाला 63 हजार. दीड लाख फीचे महाविद्यालय आणि 63 हजारांची ऐपत यांतील फरक शिष्यवृत्तीतून, घरच्या बचतीतून की नुसत्या आशेवर भरून निघणार आहे, याचा विचार प्रवेशाच्या दिवशी व्हायला हवा, पदवीदानाच्या दिवशी नव्हे.

रुग्णालय फोनवर वीस-बावीस हजार पगार सांगते. हातात किती येतो?

सांगितलेला आकडा एकूण पगाराचा आहे, की मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटाही त्यात मिळवलेला आहे, हे पहिल्यांदा विचारावे. एकूण पगार 20,000 आणि त्यातील मूळ वेतन 14,000 असे समजा. भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के, म्हणजे 1,680 रुपये कापले जातात. राज्य कामगार विम्याचे 0.75 टक्के, म्हणजे 150 रुपये जातात. व्यवसाय कर पुरुष कर्मचाऱ्याला महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये पडतो. महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. म्हणजे मुलीच्या हातात 18,170 रुपये येतात. रुग्णालयाच्या होस्टेलची खोली आणि मेस घेतली असेल, तर त्याची कपात याच पावतीवर खाली असते.

वरच्या उदाहरणातील 10,704 रुपयांचा हप्ता या पगारातून गेला, तर महिना काढायला 7,466 रुपये उरतात. त्यात गावी जाण्याचे एसटीचे भाडेही आले.

खासगी रुग्णालयांना परिचारिकांच्या पगाराबाबत काही नियम नाही का?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. तिने केलेल्या शिफारशी अशा आहेत : 200 पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतका पगार असावा, 100 ते 200 खाटांच्या रुग्णालयात तो फार तर 10 टक्के आणि 50 ते 100 खाटांच्या ठिकाणी फार तर 25 टक्के कमी असावा, 50 खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही तो 20,000 रुपयांखाली नसावा. या शिफारशी आहेत. त्यांच्या भरवशावर कर्जाचा हिशेब मांडू नये. मुलाखतीत मात्र त्यांचा उल्लेख जरूर करावा. समोरच्याला त्या ठाऊक असतात.

सरकारी नोकरी लागली तर सगळे कर्ज सहज फिटेल ना?

लागली तर होय. राज्य शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी 35,400 ते 1,12,400 अशी आहे. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरची सुरुवात 44,900 च्या मूळ वेतनाने होते आणि दोन्हींवर महागाई भत्ता मिळतो. 35,400 च्या नुसत्या मूळ वेतनाचा चौथा हिस्सा 8,850 होतो; म्हणजे सहा लाख उचललेल्या कर्जाचा पंधरा वर्षांचा हप्ताही त्यात बसतो.

अडचण वेळेची आहे. बँकेचा सवलतीचा काळ पदवीनंतर एका वर्षात संपतो. भरतीची जाहिरात, परीक्षा, निवडयादी आणि नियुक्तिपत्र यांचे वेळापत्रक बँकेला विचारून ठरत नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा सांगलीच्या सिव्हिलमध्ये कायम जागेवर लागेपर्यंतची मधली वर्षे बहुतेकांची खासगी रुग्णालयात किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागेवर जातात. त्यामुळे कर्ज खासगी पगारावर बेतावे आणि सरकारी नोकरी लागल्यावर ते लवकर फेडावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक शैक्षणिक कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, हे येथे कामी येते.

मुलींना फी माफ झाली आहे म्हणतात. मग कर्ज कशासाठी?

जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा शंभर टक्के लाभ 2024-25 पासून मिळतो. याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्मे शिक्षण शुल्क आहे. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर करावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

बारीक अक्षरातल्या दोन गोष्टी मात्र घरोघर निसटतात. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठेही योजनेतून वगळलेली आहेत. आपल्या भागात ही दुसरी अट फार मोठी आहे, कारण कराडजवळच्या मलकापूरचे कृष्णा विश्व विद्यापीठ आणि सांगलीतील भारती विद्यापीठाची वैद्यकीय शाखा ही दोन्ही नावे अभिमत विद्यापीठाच्या चौकटीत येतात. तेथील शिक्षणाच्या दर्जाबद्दल येथे काही म्हणायचे नाही. तीच मुलगी, तीच गुणवत्ता, पण जागा कोणत्या फेरीतून आणि कोणत्या प्रकारच्या संस्थेत मिळाली यावर कर्जाचा आकडा तिप्पट होऊ शकतो, एवढेच सांगायचे आहे.

तुलना करून पाहा. फेरीतून प्रवेश मिळालेल्या मुलीला होस्टेल, मेस, गणवेश आणि पुस्तके यांसाठी वर्षाला 50 हजार उचलावे लागले, तर चार वर्षांचे 2 लाख आणि व्याजासह 2 लाख 70 हजार होतात. दहा वर्षांचा हप्ता 3,568 रुपये. मुदत सातच वर्षांची घेतली तरी 4,482 रुपये. दोन्ही हप्ते 18,170 च्या चौथ्या हिश्श्याखाली आहेत. माझ्या मते सारा निर्णय या एका तुलनेत आहे. बी.एस्सी. नर्सिंगची सामायिक प्रवेश परीक्षा पुन्हा देण्यासाठी एक वर्ष थांबणे हे सहा लाखांच्या कर्जापेक्षा अनेकदा स्वस्त पडते, जरी शेजारीपाजारी 'वर्ष वाया गेले' म्हणत असले तरी.

महाविद्यालयाने सांगितलेली फी बरोबर आहे, हे कसे तपासावे?

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि मंजूर आकडा त्याच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाच्या नावासह मिळतो. त्याहून जास्त मागणी झाली, तर लेखी पावती मागावी. पावतीचा विषय निघाल्यावर पुष्कळशी 'इतर' शुल्के आपोआप विरतात. अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेत नाहीत.

व्याजात सरकारी सवलत मिळते का?

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि संस्था किंवा अभ्यासक्रम नॅक अथवा एनबीए या मूल्यांकन संस्थांकडून मानांकित असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत 10 लाखांपर्यंतच्या कर्जावरील सवलतीच्या काळाचे व्याज सरकार भरते. वरच्या उदाहरणातील 2 लाख 10 हजार रुपये हेच. एवढी मोठी रक्कम केवळ तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत न दिल्यामुळे गमावलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, पण ती देशातील निवडक संस्थांपुरती (सुरुवातीला 860) आहे. आपल्या महाविद्यालयाचे नाव त्या यादीत आहे का, ते आधी पाहावे. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास, आजारपणाचे कारण वगळता, केंद्राचे व्याज अनुदान मिळत नाही.

शिकत असतानाच व्याज भरत जावे का?

जमत असेल तर जरूर. दीड लाख वार्षिक उचलीच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला 1,250 रुपये व्याज होते आणि चौथ्या वर्षी 5,000. ते वेळच्या वेळी भरले, तर परतफेड सहा लाखांवरच सुरू होते आणि दहा वर्षांचा हप्ता 10,704 ऐवजी 7,929 रुपये येतो. म्हणजे पाच वर्षांत भरलेल्या 2 लाख 10 हजारांमुळे पुढच्या दहा वर्षांत 3 लाख 33 हजार वाचतात. शिवाय असे व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका दरात एक टक्का सूट देतात.

शेतकरी कुटुंबाला दरमहा रक्कम बाजूला काढणे कठीण जाते. बँकेला मात्र वर्षातून दोनदा भरलेली रक्कमही चालते. उसाचे बिल किंवा बेदाण्याची पट्टी जमा झाल्यावर त्यातून तेवढे व्याज भरून टाकावे. अवकाळीने बाग गेली त्या वर्षी नाही भरता आले, तर आकाश कोसळत नाही. ते व्याज मुद्दलात मिळते, इतकेच.

तारण किंवा जामीनदार लागतो का? सातबाऱ्यावर बोजा चढतो का?

साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज केंद्राच्या पतहमी निधीखाली तारण आणि त्रयस्थ जामीनदार यांच्याशिवाय देता येते. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. त्याहून मोठ्या कर्जाला तारण मागितले जाते. बँका शेतजमिनीपेक्षा घर, बिगरशेती प्लॉट किंवा ठेवपावती पसंत करतात, कारण वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. विकास सोसायटीचे पीककर्ज आधीच सातबाऱ्यावर असेल, तर त्यात आणखी एक बोजा मिळवण्याचा विचार सोडून द्यावा.

बँकेत हेलपाटे पडतात म्हणून गावातील पतसंस्थेकडे वळणारे पुष्कळ आहेत. पतसंस्थेच्या सामान्य कर्जाचा हप्ता साधारणपणे पुढच्या महिन्यापासूनच सुरू होतो, व्याज जास्त असते आणि केंद्राचे अनुदान मिळत नाही. शिक्षणासाठी तो मार्ग मी शेवटचा मानतो.

जीएनएम करावे की बी.एस्सी. नर्सिंग?

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) तीन वर्षांचे आहे, बी.एस्सी. चार वर्षांचे. राज्य शासनाच्या अधिपरिचारिका पदासाठी दोन्ही चालतात. एम्सच्या परीक्षेसाठी जीएनएमधारकाला 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी. नर्सिंगला तो लागत नाही. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी पदवीचा उपयोग होतो. शिकवण्याकडे किंवा परदेशाकडे कल असेल, तर पदवी घ्यावी. घरची ओढाताण असेल, तर जीएनएम करून वर्षभर आधी कमवायला लागणे आणि नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करणे हा कमीपणाचा रस्ता नाही. मिरजेच्या रुग्णालयांत वॉर्ड सांभाळणाऱ्या अनेक सिस्टर याच वाटेने आल्या आहेत.

फिजिओथेरपीसाठी मोठे कर्ज घ्यावे का?

येथे मी अधिक सावध आहे. अभ्यासक्रम साडेचार ते पाच वर्षांचा, प्रवेश नीटमधून, आणि पदवीनंतर शासकीय जागा नर्सिंगच्या मानाने अगदी थोड्या. चांगली कमाई बहुधा स्वतःच्या दवाखान्यातून किंवा पदव्युत्तर शिक्षणानंतर होते. एकाला भांडवल लागते आणि दुसऱ्याला आणखी दोन वर्षांची फी. दवाखाना सुरू झाल्यावर पहिल्या वर्षाची मिळकत महिन्याला सारखी नसते, हप्ता मात्र सारखाच असतो. म्हणून येथे पगाराचा चौथा नव्हे, पाचवा हिस्सा धरावा.

डी.फार्म. करून मेडिकल टाकणे परवडते का?

दोन वर्षांची पदविका, नंतर निर्गम परीक्षा आणि राज्य परिषदेकडे नोंदणी असा क्रम आहे. किरकोळ औषध दुकानाला किमान 10 चौरस मीटर जागा आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. शिक्षणाचे कर्ज लहान, पण दुकानातील मालाचे भांडवल मोठे आणि उधारी त्याहून मोठी. आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात नुसते टांगायला देऊन महिन्याला पैसे घेण्याचा प्रकार बेकायदेशीर आहे. त्या उत्पन्नावर हप्त्याचा हिशेब मांडणाऱ्या मुलाला मी दोनदा परत पाठवले होते.

परदेशात गेल्यावर वर्षभरात कर्ज फिटते, हे खरे का?

काहींचे फिटते. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषा सहसा बी-2 पातळीपर्यंत यावी लागते. त्या तयारीचा काळ आणि खर्च हिशेबात धरावा. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे. खासगी एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. उमेदवाराकडून त्याने घ्यायचे सेवाशुल्क 30 हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच आहे. दोन-तीन लाख मागणाऱ्याला पैसे देण्यासाठी दुसरे कर्ज काढू नये.

व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळते ना?

जुन्या करप्रणालीत, कलम 80-ई या नावाने ओळखली जाणारी वजावट व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठ वर्षे पूर्ण व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. नव्या प्रणालीत ती नाही. वीस हजार पगाराच्या मुलीला मुळात करच लागत नाही, त्यामुळे तिला या सवलतीचा काही उपयोग नाही. बँकेच्या माहितीपत्रकात या सवलतीला मानाचे पान असते, म्हणून हे लिहावे लागले.

रुग्णालयाने मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आहेत. चांगली नोकरी आली तरी सोडता येत नाही. काय करावे?

हा प्रकार मी माझ्या पुतणीच्या बाबतीत पाहिला आहे. दोन वर्षांचे बंधपत्र, सोडल्यास तीन महिन्यांच्या पगाराची भरपाई आणि कपाटात बंद मूळ कागद. दरमहा पाच हजार जास्त देणारी नोकरी तिला त्यापायी नाकारावी लागली. तेवढ्यात दोन लाख सत्तर हजारांच्या कर्जाचा हप्ता भरून वर काही उरले असते. रुजू होताना साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद फक्त पडताळणीसाठी दाखवावेत आणि बंधपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी. कागद आधीच दिले असतील, तर ते परत मागणारे पत्र लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

नोकरीच लागली नाही, किंवा हप्ते थकले तर?

थकण्याआधी बँकेत जावे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या पगाराच्या काळासाठी हप्ते काही महिने थांबवण्याची तरतूद आहे, पण ती मागणाऱ्यालाच मिळते. नव्वद दिवस काहीच भरले नाही, तर खाते थकीत वर्गात जाते आणि मुलीबरोबर सहकर्जदार वडिलांचाही सिबिल गुणांक घसरतो. पुढच्या हंगामात ट्रॅक्टरचे किंवा ठिबकचे कर्ज मागायला ते गेले, की शाखाधिकारी त्यांच्यासमोर हाच कागद ठेवतो.